सरसाचा दोष कीं सांध्याचा?

आमच्या घरीं एक जुना सागवानी पाळणा आहे. आजोबांच्या बारशासाठीं तो करविला होता, असें वडील सांगत. त्यांत वडील निजले, आम्ही निजलों, आमचीं मुलेंही निजलीं. गेल्या चैत्रांत धाकटी कन्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, तेव्हां तो माळ्यावरून उतरवितांना आमच्या हातून निसटला आणि तळाच्या दोन लांब दांड्यांपैकीं एक मध्यावरच आडवी मोडली. बाजारांत नवे पाळणे मिळतात, हें आम्हांस ठाऊक नाहीं असें नव्हे. परंतु ज्या पाळण्यानें चार पिढ्या जोजविल्या, तो पांचवीच्या वेळीं अडगळींत टाकावा, हें मनास पटेना.

आम्हीं पेठेंत जाऊन दोन नळ्यांतून येणारा, उत्तमांतला उत्तम म्हणून सांगितला जाणारा सरस आणला. मोडलेलीं टोकें घासून सपाट केलीं, टोकाला टोक भिडविलें, दोरीनें आवळून दोन दिवस ठेविलें आणि वर पॉलिशचा हात फिरविला. सांधा कोठें आहे, हें आमचें आम्हांसच सांपडेना. आमच्या सौभाग्यवतींना मात्र तेवढ्यानें समाधान नव्हतें. त्या म्हणाल्या, “अहो, बाळाला घालायच्या आधीं यांत गहूं घालून बघूं या.” दहा किलो गव्हाची पिशवी पाळण्यांत ठेवून त्यांनीं झोका दिला. तिसऱ्या झोक्यास कट्‌कन आवाज झाला आणि सारें माजघर गव्हानें भरून गेलें. त्या पिशवीच्या जागीं दुसरें काय असूं शकलें असतें, हा विचार दोघांच्याही मनांत एकदमच आला असावा. कारण गहूं गोळा करून होईपर्यंत आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं.

प्रथम राग आला तो सरसावर. माल भेसळीचा असला पाहिजे, असें ठरवून आम्ही दुकानदाराकडे निघालों होतों, इतक्यांत वाटेंत सुतार भेटला. हा सुतार आमचाच एक जुना विद्यार्थी. सातवीच्या वर्गांत भूमितींत तो नापास झाला, तेव्हां त्याच्या वडिलांना बोलावून आम्हीं चार शब्द सुनावले होते. त्यानें घरीं येऊन मोडकी दांडी उलटसुलट पाहिली आणि शांतपणें म्हटलें, “गुरुजी, सरसाला कशाला बोल लावतां? सांधाच चुकलाय.” या एका वाक्याचा अर्थ लावण्यांत आम्हीं पुढील दोन महिने घालविले. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

चिकटविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहांत ‘स्नेह’ हा एक गुण मानिला असून, पिठासारख्या सुट्या चूर्णाचा गोळा ज्याच्या योगें होतो तो स्नेह, अशी त्याची ओळख करून दिली आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत ‘वज्रलेपा’ची कृति दिली आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रव्यें पाण्यांत घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावीं. मग त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बे, जवस, बेल वगैरे मिसळावीं. हा लेप ऊन ऊन लाविला असतां एक कोटि वर्षें टिकतो, असें त्याचें म्हणणें. कोटीचा हिशोब कोणीं ठेविला हें विचारूं नये. पण वस्तु टिकते ती लेपाच्या द्रव्यामुळें, हा जो समज या कृतींत दिसतो, तोच आम्हांसही होता. साहित्यशास्त्रांत मात्र एक अधिक सूक्ष्म दृष्टान्त सांपडतो. सभंग श्लेषांत दोन शब्द एकमेकांस कसे चिकटलेले असतात, हें सांगतांना आलंकारिकांनीं ‘जतुकाष्ठन्याय’ योजिला आहे. जतु म्हणजे लाख. लाख व लांकूड एकरूप भासतात, तरी तीं दोनच असतात. चिकटलेल्या सांध्याचें सारें मर्म यांत आहे. सांधा म्हणजे एक वस्तु नव्हे. दोन पृष्ठभाग आणि त्यांमधील एक पातळ पापुद्रा, असें तें त्रिकूट आहे. त्या पापुद्र्यावर भार कोणत्या दिशेनें येतो, हें ठरवितो तो पृष्ठभागांचा आकार.

भार तीन प्रकारांनीं येतो. दोन वस्तूंना एकमेकींपासून सरळ दूर ओढणें, ही ओढ. एकीला दुसरीवरून सरकविणें, ही सरक. आणि एका कडेपासून उचलीत उचलीत जाणें, हें सोलणें. यांतील भेद मुलांना दाखवावयाचा असेल, तर खिडकीच्या कांचेवर वीतभर चिकटपट्टी लावावी व तिचें खालचें टोक मोकळें ठेवावें. तें टोक धरून पट्टी कांचेला समांतर अशी खालीं ओढली, तर बोटें दुखूं लागतात, पण पट्टी सहसा हालत नाहीं. तेंच टोक कांचेपासून आपल्याकडे उचललें, म्हणजे लहान मूलही ती सहज काढतें. पट्टी तीच, कांच तीच, चिकणही तेंच. पहिल्या वेळीं सारी वीतभर जागा एकदम भार सोशीत होती. दुसऱ्या वेळीं जेथें पट्टी सुटत होती, त्या रेघेएवढ्या जागेवरच सारा भार एकवटला. लांकडांची मोळी मोडत नाहीं, पण एक एक काटकी पोरही मोडतें, या गोष्टीचेंच हें दुसरें रूप होय.

आतां आंकडाच घ्यावयाचा तर असा. इपॉक्सी जातीच्या चांगल्या सरसानें स्वच्छ पोलादी पट्ट्या एकीवर एक चिकटविल्या असतां, सरकेचा भार तो दर चौरस मिलिमीटरला सुमारें 20 न्यूटन, म्हणजे स्थूलमानानें दोन किलो, इतका सोसतो. नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर दोनशें किलो! ज्या सरसाच्या अंगीं हें सामर्थ्य, तो दहा किलो गव्हाला कसा हरला? कारण आम्हीं त्याच्याकडून सरकेचें काम न घेतां, नकळत सोलण्याचें काम घेतलें होतें. पाळण्याची दांडी भारानें खालीं लवते. लवली कीं तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड उघडूं पाहते. टोकाला टोक लावून केलेल्या सांध्यांत ती खालची कड म्हणजे चिकटपट्टीचें उचललेलें टोकच. एकदां तेथें केसाएवढी फट पडली, कीं पुढची रेघ, मग तिच्या पुढची, असें करीत सारा सांधा क्षणांत सुटतो.

लांकडाच्या बाबतींत आणखी एक अडचण असते. लांकूड म्हणजे लांबट नळ्यांची घट्ट मोळी. आडवें कापलेलें टोक हें उंसाच्या कापलेल्या टोकासारखें तोंडें उघडलेलें असतें. लाविलेला सरस त्या तोंडांतून आंत शोषला जातो आणि सांध्यापाशीं तो पुरेसा उरत नाहीं. उलट, लांकडाच्या लांबीच्या दिशेनें गेलेल्या बाजूवर सरस पृष्ठावर राहतो व धाग्यांना चांगला धरतो. म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून चिकटविल्या तर पुष्कळदां लांकूड फाटतें पण सांधा सुटत नाहीं. टोकाला टोक लाविलें तर मात्र हटकून सुटतो.

आमच्या विद्यार्थ्यानें काय केलें, तें ऐकण्यासारखें आहे. मोडक्या दांडीचा एक तुकडा त्यानें ठेविला आणि दुसऱ्याच्या जागीं नव्या सागवानाचा जरा लांब तुकडा घेतला. दोन्हींचीं टोकें त्यानें सपाट न ठेवतां रंध्यानें लांब उताराचीं केलीं. दांडी एक इंच जाडीची. उतार आठ इंचांचा. हे दोन उतार एकमेकांवर बसले, तेव्हां दोहोंमधून उजेडाची रेघही दिसेना. मग त्यानें आमच्याच नळ्यांत उरलेला सरस, ज्यास आम्ही भेसळीचा म्हणत होतों तोच, पातळसा लाविला आणि सांधा आवळून ठेविला.

येथें भूमितीचा हिशोब पाहावा. एकास आठ असा उतार दिल्यानें चिकटण्याची जागा आठपट झाली. म्हणून दर चौरस इंचावरील भार आठवा हिस्सा राहिला. परंतु लाभ तेवढाच नाहीं. ओढ दांडीच्या दिशेनें आणि सांधा तिला जवळजवळ समांतर. त्यामुळें त्या आठव्या हिश्श्यापैकींही सांधा उघडूं पाहणारा अंश पुनः आठवाच उरतो. आठव्याचा आठवा म्हणजे चौसष्टावा. काटेकोर गणित केल्यास पांसष्टावा. बाकीचा बहुतेक सारा भार सरकेचा, आणि सरस ज्यांत बलवान तें काम तेंच. विमानें लांकडाचीं होत तेव्हां हाच उतार एकास बारा इतका लांब ठेवीत. तशा सांध्यास ओढ सोसण्याच्या कामीं अखंड लांकडाच्या सुमारें 85 ते 90 टक्के बळ येतें. इतका लांब उतार काढण्यांत लांकूड वायां जातें, म्हणून हल्लीं कारखान्यांत फळ्यांच्या टोकांना करवतीच्या दात्यांसारखे लांबट दाते पाडून ते एकमेकांत गुंतवितात. दोन्ही हातांचीं बोटें गुंफावीं, तसा तो सांधा दिसतो. तत्त्व तेंच, एक लांब उतार मोडून त्याचे अनेक लहान उतार केले, इतकेंच.

मग दोन पट्ट्या एकमेकींवर जितक्या अधिक चढवाव्या तितका सांधा बळकट, असें कोणी म्हणेल. आम्हीही तसेंच म्हटलें असतें. परंतु फोल्करसेन नांवाच्या जर्मन अभियंत्यानें 1938 सालीं मांडलेल्या गणितावरून दिसतें, कीं अशा सांध्यांत भार सर्वत्र सारखा वांटला जात नाहीं. तो दोन्ही टोकांशीं सांचतो आणि मधला भाग जवळजवळ बसून राहतो. एकत्र कुटुंबांत थोरल्या सुनेवर जबाबदारीचा आणि धाकटीवर कामाचा भार पडतो, मधल्या सुना त्या मानानें सुखी. तसाच हा प्रकार. मधल्या सुनांची संख्या वाढविल्यानें टोकांच्या दोघींचें ओझें हलकें होत नाहीं. म्हणून सांध्याची लांबी दुप्पट केल्यानें बळ दुप्पट होत नाहीं. रुंदी दुप्पट केल्यानें मात्र जवळजवळ होतें. गोलंड व राइसनर यांनीं 1944 सालीं आणखी दाखविलें, कीं एकावर एक चढविलेल्या पट्ट्या एका रेषेंत नसल्यामुळें ओढल्या असतां वांकतात आणि टोकांशीं सोलण्याचा भार उत्पन्न होतो. उपाय आकाराचाच आहे. पट्टीचीं टोकें हळूहळू पातळ करीत न्यावीं, म्हणजे तीं स्वतः थोडीं लवून भार मागें ढकलतात. आणि कडेला बाहेर आलेला सरस खरवडून न काढतां कोंपऱ्यांत गोलसर राहूं द्यावा.

हें सारें सायकलच्या पंक्चरवाल्याला आधींपासून ठाऊक आहे. त्याचें ठिगळ चौकोनी नसतें, गोल असतें. कारण कोंपरा म्हणजे सोलण्याला दिलेलें आमंत्रण. ठिगळाच्या कडा पातळ असतात. कारण जाड कड लवत नाहीं, ती उचलते. घरीं वहीला, पुस्तकाच्या पाठीला किंवा मुलांच्या रेनकोटाला ठिगळ लावतांना कोंपरे कात्रीनें गोल करावे. श्रम क्षणाचा, पण ठिगळ कितीतरी अधिक टिकतें.

पंक्चरवाला ट्यूब कानशीनें घासतो, तें पाहून पुष्कळांची अशी समजूत झालेली असते, कीं पृष्ठभाग जितका खरखरीत तितका सरस पक्का. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्धें सत्य फार फसवितें. घासण्यानें पहिला लाभ होतो तो स्वच्छतेचा. वरची मळकट, तेलकट साय निघून ताजा थर उघडा होतो. जागाही थोडी वाढते. परंतु सरस त्या खांचाखोंचांत उतरला, तरच त्या जागेचा उपयोग. थेंब पृष्ठभागावर पसरतो कीं गोळा होऊन बसतो, याचा विचार टॉमस यंग यानें 1805 सालीं केला होता. पुढें 1936 सालीं वेंझेल यानें दाखविलें, कीं खरखरीतपणा हा निःपक्षपाती असतो: पसरणाऱ्याला तो अधिक पसरवितो, आणि गोळा होणाऱ्याला अधिक गोळा करितो. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, ही उपमा आपणां सर्वांच्या परिचयाची. तें पान गुळगुळीत असावें, असें आम्ही जन्मभर वर्गांत सांगत आलों. वस्तुतः सूक्ष्मदर्शकाखालीं तें बारीक बारीक उंचवट्यांनीं भरलेलें दिसतें. त्या उंचवट्यांवर मेणाचा लेप असतो, आणि खालच्या खळग्यांत हवा अडकून थेंब वरच्या वर तरंगतो. तेलकट किंवा मेणचट पृष्ठ नुसतें खरखरीत केल्यास सरसाचीही गत तीच होते: वर सरस, खालीं हवा, आणि मनांत मात्र समाधान.

लांकडाला तर जाड्या पॉलिशपेपरानें घासणें अपायकारकच. त्यानें वरच्या नळ्या चिरडून त्यांचा भुगा तेथेंच राहतो आणि सरस लांकडाला न धरतां त्या भुग्याला धरतो. धारदार रंध्याचा ताजा, गुळगुळीत हात, हीच लांकडाची उत्तम तयारी. आम्हीं पॉलिशपेपरावर अर्धा तास जे परिश्रम घेतले, ते सांधा दुबळा करण्याच्याच कामीं आले, हें आतां कबूल केलें पाहिजे.

चिनीमातीच्या कपाचा कान तुटला तर नियम आणखी निराळा. तेथें मोडीचे दोन्ही पृष्ठभाग वेडेवांकडे असले, तरी ते एकमेकांचे तंतोतंत जोडीदार असतात. त्यांच्याइतका नेमका बसणारा आकार कोणाही कारागिराला करतां येणार नाहीं. त्यांना कानस लावणें म्हणजे ती जोडी फोडणें. धूळ झटकावी, सरसाचा अगदीं पातळ हात द्यावा आणि दाबून धरावें. जाड थर दिल्यास कान बसतो वांकडा आणि भार येतो तो सरसाच्या थरावर. सरस हा फट भरण्यासाठीं नसून फट नसलेल्या जागीं लावावयाचा असतो, असें म्हटलें तर विरोधाभास वाटेल; पण बहुतेक घरगुती सांध्यांच्या बाबतींत तेंच खरें आहे.

सोलण्याचा हा नियम भिंतीवरची पाल आपल्या हिताकरितां वापरते. तिच्या पायाला चीक नसतो. टोके नांवाच्या मोठ्या पालीच्या एका पायाला सुमारें पांच लाख सूक्ष्म केस असून प्रत्येकाचीं टोकें शेंकडो ठिकाणीं दुभंगलेलीं असतात. त्यामुळें तीं भिंतीशीं अत्यंत जवळून भिडतात. केलर ऑटम व त्यांचे सहकारी यांनीं 2000 सालीं अशा एका केसाचें बळ मोजलें. त्यांत असें आढळलें, कीं केस भिंतीशीं सुमारें 30 अंशांहून अधिक कोन करूं लागला, कीं तो आपोआप सुटतो. पाल पाऊल टेकते ती सरकवून आणि उचलते ती सोलून. चिकटणें व सुटणें या दोहोंमध्यें अंतर आहे तें केवळ एका कोनाचें.

सांध्याकडे दुर्लक्ष करून सरसाला किंवा हवेला दोष देण्याची चूक केवळ आमच्यासारख्या मास्तरांनींच केली, असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील ‘मॉस्किटो’ हें इंग्रजी विमान बहुतांशी प्लायवूड व बाल्सा या लांकडांचें, सरसानें चिकटविलेलें होतें. 1940 च्या नोव्हेंबरांत तें प्रथम उडालें. 1944 सालीं हिंदुस्थानांत यांतील कांहीं विमानें हवेंतच मोडलीं आणि माणसें प्राणांस मुकलीं. इकडच्या उष्ण व दमट हवेनें सरस सुटला, असा प्रथम संशय आला. पुढील तपासांत मात्र बनावटीचे व चिकटकामाचे दोष आढळून आले, आणि तसेच दोष ज्यांनीं हिंदुस्थानचा पावसाळा कधीं पाहिलाच नव्हता, अशा विमानांतही सांपडले. आमच्या माजघरांत सांडले ते गहूं होते; तेथें काय सांडलें, हें सांगावयास नको.

असो. नव्या सांध्याचा सरस वाळल्यावर सुतारानें आम्हांस अंगणांत बोलाविलें. उरलेल्या दोन निरुपयोगी तुकड्यांना त्यानें तसेच उतार देऊन त्याच सरसानें आधींच जोडून ठेविलें होतें. तो तुकडा दोन विटांवर आडवा ठेवून त्यानें मध्यावर हातोडा घातला. तुकडा मोडला, पण मोडला तो सांध्याच्या शेजारीं, अखंड लांकडांत. सांधा जसाच्या तसा राहिला. त्याच्या शेजारीं आमची जुनी दांडी ठेवून पाहिली, तर तिच्या एका टोकावर साऱ्या सरसाचा चकचकीत पापुद्रा आणि दुसरें टोक बहुतांशी कोरडें. मोडलेला सांधा असा वाचावा. सरस सारा एका बाजूला गेला असेल, तर तयारी किंवा आकार चुकला. लांकूडच फाटलें असेल, तर सांध्यानें आपलें काम केलें.

त्यानंतर सौभाग्यवतींनीं पुनः गहूं आणले, या वेळीं वीस किलो, आणि पाळणा तासभर हालविला. बाराव्या दिवशीं बारसें झालें. पाहुणे पाळण्याच्या नक्षीची वाखाणणी करीत होते; तळाच्या दांडीवरची ती तिरपी, बारीक रेघ कोणाच्या लक्षांत आली नाहीं. आमची दृष्टि मात्र तिच्यावरच होती. सुतारही आला होता. त्याला आम्हीं आपल्याजवळ बसविलें आणि म्हटलें, “बाबा, त्या वर्षीं भूमितींत तुला आम्हीं नापास केलें, आज या दांडीवर एकास आठचा उतार तूं आम्हांला शिकविलास.” तो संकोचून म्हणाला, “गुरुजी, तें आंकड्याचं मला कळत नाहीं. वडील म्हणायचे, सांधा असा करावा कीं सरस न लावतांही तो बसावा. मग सरस लावावा.”

दोन महिन्यांच्या वाचनानंतर यापेक्षां अधिक नेमकें वाक्य आम्हांस सांपडलेलें नाहीं.